किडलेली दाढ आणि काचेचे सिमेंट



आम्ही पडलो बँकेतील कारकून, त्यातून कलाशाखेचे पदवीधर. दातांवर बोलण्याचा अधिकार दंतवैद्यांचा. परंतु दाढ भरायची की उपटायची याचा निर्णय डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरातच होतो, आणि तो बहुधा उपटण्याच्या बाजूने होतो. म्हणून हा विषय घेतला.

दाढ ठणकू लागली की लवंगेचे तेल, मग मिसरी (मिसरी म्हणजे तंबाखूच!), कुठे रिंगणीच्या बियांची धुरी, आणि शेवटी "एकदाची काढून टाका". वास्तविक किडलेल्या दाढेत अळी वगैरे काही नसते. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दात विरघळतो. खड्डा लहान आहे तोवरच तो बुजवला पाहिजे.

पूर्वी सर्रास 'चांदी' भरत. त्या मिश्रणात जवळजवळ निम्मा पारा असतो. शिवाय ते दाताला चिकटत नाही. अडकून राहावे म्हणून चांगला दातही कोरावा लागतो. १९६९ च्या सुमारास लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन व ब्रायन केंट यांनी निराळा पदार्थ बनवला, तो ग्लास आयोनोमर सिमेंट. डॉक्टर त्याला जीआयसी म्हणतात. (आम्हा बँकवाल्यांना जीआयसी म्हटले की विमा कंपनी आठवते, ती वेगळी.) काचेची बारीक पूड आणि एक सौम्य आम्ल एकत्र घोटले की काही मिनिटांत ते घट्ट होते. तेच आम्ल दातातील कॅल्शियमशी बंध जोडते, त्यामुळे सिमेंट आपोआप चिकटते. काचेत फ्लोराइड असते. ते हळूहळू पाझरत राहते. रंगही दातासारखाच.

या चिकटण्यामुळे यंत्राने दात कोरण्याची गरज उरली नाही. १९८० च्या दशकात टांझानियात, जेथे दवाखान्यात वीज नाही अशा ठिकाणांसाठी, फ्रेन्केन या डच दंतवैद्यांनी लहान हत्यारांनी मऊ झालेली कीड खरवडून खड्डा भरण्याची पद्धत बसवली. खड्डा भरायला पुढे हेच सिमेंट ठरले. बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही. १९९४ च्या जागतिक आरोग्यदिनी जागतिक आरोग्य संघटनेने ती पुढे आणली, आणि २०२१ मध्ये या सिमेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

आता आमचा मुख्य मुद्दा. मूल साधारण सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. आधी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे आई-वडिलांना ती दुधाचीच वाटते. "किडली तर किडू द्या, पडून दुसरी येईल." दुसरी येत नाही! ती आयुष्यभराची दाढ असते. तिच्या खाचांत हेच सिमेंट वेळीच भरता येते. दाढ अर्धवट उगवलेली असतानाही. आपण आरोग्य शिबिरात डोळे तपासतो, रक्तदाब पाहतो, दातांसाठी मात्र पेस्ट वाटून मोकळे होतो. घाटीच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयास संस्थेने पत्र द्यावे आणि पहिली-दुसरीतील मुलांची ही दाढ तपासून भरण्याची विनंती करावी, अशी आमची सूचना आहे.

या सिमेंटची बाजू मांडताना उणीवही सांगितली पाहिजे. ते ठिसूळ आहे, झिजते. दाढेची भिंतच ढासळली असेल, खड्डा दोन-तीन बाजूंनी पसरला असेल, तर ते फार टिकत नाही. तेथे डॉक्टर दुसरे काही सुचवतील. रात्री आपोआप ठणका लागतो, गालावर सूज येते, पू येतो, तेव्हा कीड नसेपर्यंत पोचलेली असते. अशा दाढेवर नुसते सिमेंट भरून उपयोग नाही.

भरताना दाढ कोरडी राहिली पाहिजे, म्हणून डॉक्टर कापूस ठेवतात. मुलाने तेवढा वेळ तोंड मिटू नये. भरल्यावर वर व्हॅसलीन किंवा वार्निश लावतात. नंतर निदान एक तास काही खाऊ नये आणि त्या दिवशी त्या बाजूने कडक चावू नये. सिमेंट निघून आले तर दाढ काढायला जायचे नाही. पुन्हा भरून मिळते.