शिवऱ्याच्या पदवीधरांसाठी बाळशास्त्री



आज पदवी घेणाऱ्यांत भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच पदवी आणणारी मुलंमुली आहेत. तुमच्यापुढे मी बाळशास्त्री जांभेकरांचं आयुष्य ठेवणार आहे.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा हा मुलगा शिकायला मुंबईत आला आणि 6 जानेवारी 1832 रोजी त्याने ‘दर्पण’ काढलं. मराठीतलं ते पहिलं वृत्तपत्र. तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी असे. इंग्रजी न येणाऱ्यालाही जगात काय चाललंय ते कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. आठ वर्षांनी ‘दर्पण’ बंद पडलं.

पण त्याच 1840 साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केलं. ‘दर्पण’चं कौतुक दर वर्षी होतं; मला मात्र ‘दिग्दर्शन’ अधिक मोलाचं वाटतं, कारण भूगोल, इतिहास आणि विज्ञान त्यात मराठीतून येत होतं.

एव्हाना बाळशास्त्री मुंबईतल्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. 1834 साली त्या संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झालेले ते पहिले भारतीय. दादाभाई नौरोजी त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी. पुढे सरकारने बाळशास्त्रींना शाळा तपासनीस नेमलं, शिक्षक तयार करण्याचा वर्गही सोपवला. मुंबई विद्यापीठ तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. ते स्थापन झालं 1857 साली.

अधिकारपद मिळाल्यावर हा माणूस केवळ शेरे लिहीत बसला नाही. शाळेत पुस्तकं नाहीत म्हटल्यावर ती स्वतः लिहायला घेतली. नीतिकथा, व्याकरण, भूगोल, इंग्लंडचा इतिहास. कलनशास्त्रावरचं ‘शून्यलब्धिगणित’ तर विशेष सांगावंसं वाटतं. ज्या भाषेत त्या विषयाला शब्दच नव्हते, तिथे त्यांनी शब्द घडवले आणि गणित शिकवलं. संपादक, प्राध्यापक, अधिकारी ही पदं बदलत गेली, काम एकच राहिलं: आपल्याला कळलेलं दुसऱ्याला त्याच्या भाषेत कळेल असं सांगणं. 1846 साली, पस्तिशीही न गाठता ते गेले.

तुमच्यातले काही जण स्पर्धा परीक्षा देतील, काही शिक्षक होतील, काही इथून महामार्गाने पुण्याच्या कारखान्यांत जातील. खुशाल जा. मात्र सातबारा, पीकविम्याचा अर्ज, दवाखान्याचा कागद पुढे आला की तुमच्याच गावातली शहाणी माणसं आजही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात, हे मला बोचतं. त्यांना कळेल अशा मराठीत चार ओळी लिहून देणं तुमच्या हातात आहे.

येत्या 6 जानेवारीला, ‘दर्पण’ निघालं त्या दिवशी, आपापल्या गावच्या शाळेत जा. तुम्ही ज्या विषयात पदवी घेतली, त्यातली एक गोष्ट सातवीच्या मुलांना समजेपर्यंत सांगा आणि त्यांचे प्रश्न संपेपर्यंत तिथून उठू नका.