दोन दिवसांची मजुरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरखर्चाचा हिशेब आपण साऱ्याच जणी मांडतो. आज मी एका परक्या संसाराचा हिशेब मांडणार आहे. तो आहे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यातील मजुराचा.

तिथली गुलामगिरी १८३५ साली बंद झाली. मळेवाल्यांना राबणारे हात हवे होते. १८३४ पासूनच इथली माणसे जहाजांत भरून नेऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्या रत्नागिरीकडचेही होते.

सुरुवातीचा करार पाच वर्षांचा. महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ. ऐकायला बरे वाटते ना? पण रजेवाचून एक दिवस चुकला, की मजुरी दोन दिवसांची कापीत. महिन्यात चार खाडे पडले, की आठ दिवसांचे पैसे गेले! पाचांतला सव्वा रुपयाहून अधिक. मूल तापाने फणफणले असेल, तर त्या बापाने घरी राहावे की मळ्यावर जावे?

करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की पोलीस धरीत.

अखेर १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला. तो लिहायला मदत केली आदोल्फ द प्लेवित्स या गोऱ्या मळेवाल्याने. त्यापायी त्याला भर रस्त्यात मार खावा लागला. पण १८७२ मध्ये विलायत सरकारला चौकशी आयोग नेमावाच लागला.