जुन्या पिकअपचा नवा आवाज

आम्ही बाभुळगावच्या बचत गटाच्या बाया. आमची जुनी पिकअप बाजारोबाजारी तूरडाळ नेते. भाव सांगून सांगून घसे बसत, म्हणून नवा टेप अन् स्पीकर बसवले.

एकच सांगतो: आधी वायर अन् फ्यूज, मग आवाज. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, म्हणून मोठा अँप्लिफायर करंट फार ओढतो. बारीक वायर तापते, आग लागू शकते. जाड वायर घ्या, फ्यूज बॅटरीजवळच लावा. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास वाजवू नका, बॅटरी उतरते. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा कायद्यानंच बंद.

गाडीचे हप्ते अजून बाकी आहेत. ती जळाली तर दहा घरांच्या चुली थंडावतील.