सभा एकदाच भरते

इसवी सन १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर दोन मल्लांची कुस्ती झाली आणि हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा ह्यांनी ती कॅमेऱ्याने टिपली. ती फीत धुण्यासाठी विलायतेस धाडावी लागली. कुस्ती फितीवर नीट उमटली की नाही हे कळेपर्यंत मल्ल केव्हाच घरी गेले होते. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही सावे दादांनी चित्रण केले. चित्रपटातील प्रसंग फिरून घेता येतो. स्वागत, कुस्ती आणि सभा ही मात्र एकदाच होतात. व्यापारी मेळाव्यासाठी चित्रीकरणाचे पथक ठरविणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी.

श्रोतेहो, हे काम आता केवळ हौसेचे राहिलेले नाही. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने ५ मे २०२० च्या परिपत्रकाने वार्षिक सर्वसाधारण सभा दृक्‌श्राव्य साधनांनी भरविण्यास मोकळीक दिली, आणि सभेची नोंद जपून ठेवण्याचे बंधनही घातले. बालाघाटजवळील भरवेलीची मँगनीजची खाण ज्या मॉइल कंपनीची आहे, तिचे समभाग २०१० मध्ये बाजारात आले. अशा कंपनीचा भागधारक कोठेही राहत असेल. त्याच्यापर्यंत आवाज पोचला नाही, तर त्याच्यापुरती सभा भरलीच नाही!

बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तेथील उत्पादकांनी खरेदीदारांचा मेळावा भरविला आणि मुंबई-पुण्याचे व्यापारी तो आपापल्या पेढीवरून पाहणार आहेत. मग पथक कसे पारखावे?

पहिला विचार आवाजाचा. लग्नाचे चित्रण करणारे कुशल असतात. पण लग्नात सनई मागाहून जोडता येते. मेळाव्यात भाव, प्रत, वजन हे सारे शब्दांतच असते. म्हणून वक्त्याचा आवाज मंडपातील ध्वनियंत्रणेतून थेट तारेने घेणार काय, हे विचारावे. श्रोत्यांत फिरविण्यासाठी वेगळा माइक अवश्य मागावा. तो नसला तर खरेदीदाराचे भाषण तेवढे राहते आणि शेतकऱ्याचा प्रश्न हरवतो.

दुसरा विचार खंडाचा. वीज जाते, इंटरनेट अडखळते. जनरेटर कोण आणणार, इंटरनेटची दुसरी जोडणी कोणाची, हे आधीच ठरवावे. आदल्या दिवशी त्याच मंडपात, मेळाव्याच्याच वेळी चाचणी घ्यावी. प्रक्षेपण तुटले तरी कॅमेऱ्यातील मुद्रण चालू राहील, अशी व्यवस्था हवी. कॅमेरे निदान दोन असावेत : एक वक्त्यावर, दुसरा सभेवर.

तिसरा विचार कराराचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन एखाद्याने चित्रफीत करवून घेतली, तर उलट करार नसल्यास तिचा पहिला हक्क त्याचाच असतो. तथापि हक्क कागदावर असून फीत हाती नसेल, तर उपयोग काय? म्हणून संपूर्ण मूळ चित्रण किती दिवसांत मिळेल, हे लिहून घ्यावे. आगाऊ रक्कम, वाढीव तास, प्रवास आणि पथकातील माणसांचे जेवण ह्यांचाही उल्लेख असावा. पहाटेपासून तारा ओढणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत उपाशी ठेवून त्याच्याकडून सावधपणाची अपेक्षा धरणे न्याय्य नव्हे.

पुष्कळदा संयोजक केवळ दर पाहतात. स्वस्त पथक वाईटच असते असे नाही. परंतु कोणाचेही जुने काम पाहताना सजवून कापलेली दोन मिनिटे पाहू नयेत. एखाद्या सभेचे अखंड अर्ध्या तासाचे चित्रण मागावे, आणि डोळे मिटून ते ऐकावे. मागल्या रांगेतून विचारलेला प्रश्न त्यात स्पष्ट ऐकू आला, तर त्या पथकाला खुशाल काम द्यावे.