पिवळ्या सॉकेटचा डाग

व्हीसीआरची पुढची बाजू घरातले सगळे पुसतात, पाठीकडे मात्र कुणी पाहत नाही. तिथे रंगीत भोके असतात. पिवळे चित्राचे, पांढरे आवाजाचे, आणि यंत्र स्टिरिओ असेल तर शेजारी तांबडेही. आवाज येतो पण चित्र येत नाही, पिन दाबून धरली की येते, सोडली की जाते, असे झाले तर पिवळ्या सॉकेटकडे पाहावे. आधी वायर मात्र बदलून बघावी, पुष्कळदा दोष तिचाच असतो.

हे सॉकेट आतल्या सर्किट बोर्डावर बहुधा नुसत्या डागावर उभे असते. टीव्ही सरकवला, केरसुणी अडकली, कुणी पिनेऐवजी वायरच धरून ओढली, की सगळा ताण मसुराएवढ्या त्या डागावर येतो. काही वर्षांनी त्याच्याभोवती केसाएवढी गोल चीर पडते. डोळ्यांना दिसत नाही, भिंगाखाली दिसते.

‘फेकून द्या, नवा घ्या,’ असे मलाही एका दुकानात सांगण्यात आले. नवा कुठून आणणार? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणे थांबवले, आणि तोवर दुसरे जवळजवळ कुणी उरलेच नव्हते. माझ्यापाशी १९९१ सालची एक कॅसेट आहे, धाकट्या बहिणीच्या लग्नाची. अम्मीचे हलते चित्र तेवढेच. पंगतीत कुणाच्या पानात काय कमी आहे ते ओरडून सांगते आहे. चुंबकीय फीत काही कायम टिकत नाही. तिच्यावरचे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे, तर आधी ते पिवळे भोक दुरुस्त व्हायला हवे होते.

आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी ते काम केले. मी बॅटरी धरून उभा होतो. कॅसेट आधीच बाहेर काढलेली, प्लग उपसून बराच वेळ झालेला. तरीही वीजपुरवठ्याच्या भागाला त्यांनी हात लावू दिला नाही, कारण तिथल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जुना डाग त्यांनी तांब्याच्या विणलेल्या पट्टीने टिपून घेतला आणि मग नवा दिला. कथील आणि शिसे ६३ आणि ३७ या प्रमाणात असले, तर तो मिश्रधातू १८३ अंश सेल्सियसला वितळतो. तार इस्त्रीवर वितळवून वरून थापायची नाही. इस्त्रीने पाय आणि बोर्डावरचे तांबे दोन्ही तापवायचे, मग तार तिथे टेकवायची. ती आपोआप पसरते. दोन-तीन सेकंदांचे काम. जास्त रेंगाळले तर तांब्याची पट्टी बोर्डावरून सुटते, आणि मग बारीक तारेचा जोड द्यावा लागतो. नंतर हात साबणाने धुवायचे, शिसे आहे.

डाग हा शब्द मला फार आवडतो. कपड्यावर पडला तर लाज, भांड्याला दिला तर ते पुन्हा चुलीवर चढते, आणि सोन्याचा असला तर पेटीत कुलपाआड. असो.

नव्या यंत्रांवरच्या एचडीएमआय सॉकेटला मात्र घरी हात लावू नये. तेवढ्याशा जागेत १९ पाय असतात, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने. ते भिंग आणि गरम हवेची इस्त्री असलेल्या कारागिराचे काम. काचेच्या नळीचा जुना टीव्ही तर उघडूच नये. बंद करून ठेवलेल्या नळीतही जीवघेणी वीज राहू शकते.

व्हीसीआर दुरुस्त झाला म्हणून लगेच लग्नाची कॅसेट आत घालू नका. कित्येक वर्षे बंद असलेले यंत्र फीत चावते. आधी नको असलेली एखादी कॅसेट पूर्ण चालवून पाहा. आणि आपल्या कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती तशीच ठेवून जाणकाराकडे न्या.