जुन्या वास्तूंना नवे प्रयोजन



जुनी वास्तू केवळ वयोमानामुळे कोसळत नाही. तिचा वापर थांबला की तिच्या पडझडीस आरंभ होतो. राजस्थानातील नीमराणा किल्ला याचे बोलके उदाहरण होय. १४६४ साली चौहानांनी डोंगरउतारावर उभारलेला हा किल्ला १९४७ नंतर ओस पडला. १९८६ मध्ये अमन नाथ व फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी तो विकत घेतला. सारा किल्ला एकदम दुरुस्त करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. काही खोल्या सिद्ध होताच, १९९१ मध्ये तेथे अतिथिगृह सुरू झाले. पुढील काम टप्प्याटप्प्याने होत गेले. वास्तूस पुन्हा माणसांचा वावर लाभला, उत्पन्न लाभले आणि तिची निगाही राखली गेली.

आपल्या गावोगावच्या वाड्यांनाही हा धडा लागू पडतो. प्रत्येक वाड्याचे अतिथिगृह होणार नाही. परंतु वाचनालय, अंगणवाडी वा पंचायतीची कचेरी तेथे सुखाने नांदू शकेल. मात्र दुरुस्ती करताना चुन्यातील जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊ नये. त्यामुळे ओल आत कोंडते आणि दगड-विटा झिजू लागतात. चुन्याचे काम चुन्यानेच व्हावे.

वास्तू पाडण्याच्या ठरावावर सही करण्यापूर्वी सभेत एक प्रश्न अवश्य विचारला जावा: येथे उद्या काय नांदू शकेल? पाडलेली भिंत कोणत्याही ठरावाने परत येत नाही.