रंगवलेलं गाढव



1621 साल. नवरोजाच्या सुमाराला बादशहा जहांगीरापुढे एक जनावर आणून उभं केलं गेलं. हबशांच्या मुलुखातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, मीर जाफर नावाच्या माणसाने तुर्कांच्या सोबतीने ते आणलं होतं. अंगलट गाढवाची, पण नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत काळेपांढरे पट्टे. दरबारात कुजबुज सुरू झाली की याला कुणीतरी रंगवलंय! जहांगीर मोठा चिकित्सक माणूस. त्याने बारकाईने चौकशी करवली आणि रंग जन्माचाच असल्याची खात्री झाल्यावर तसं आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं. उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. झेब्रा मात्र इराणच्या शाह अब्बासकडे नजराणा म्हणून रवाना झाला. चित्रावरच्या मजकुरात बादशहाने त्याला चक्क खेचर म्हटलंय. दुसरा शब्द होता कुठे त्याच्याकडे? आपल्याकडे तरी अजून कुठे आहे? आपण झेब्राच म्हणतो.

जाता जाता एक सांगतो. त्याच वर्षी शाहजादा खुर्रम इकडे दख्खनेत मलिक अंबरशी लढत होता. अंबरही त्याच हबशांच्या मुलुखातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ताकरविता झाला आणि त्याने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं. जहांगीराने त्याचंही चित्र काढून घेतलं होतं, पण त्यात अंबरचं मुंडकं भाल्यावर आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात अंबर कधीच हाती लागला नाही, ही हौस चित्रातच भागवावी लागली. एकाच मुलुखातून आलेले दोघे. जनावराचं कौतुक झालं, माणसाच्या वाट्याला शिव्या आल्या.

असो. झेब्र्याकडे वळू. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत त्याला पुंडा मिलिया म्हणतात. पुंडा म्हणजे गाढव, मिलिया म्हणजे पट्टे. घोडा आणि गाढव यांच्याच कुळातला हा प्राणी. त्याच्या तीन जाती आहेत. माळरानावरचा साधा झेब्रा, दक्षिण आफ्रिकेकडचा डोंगरी झेब्रा, आणि केनिया-इथिओपियातला सर्वांत थोराड, मोठ्या गोल कानांचा ग्रेव्ही. ग्रेव्ही हे नाव ज्यूल ग्रेव्ही या फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षावरून पडलं. त्यांनाही तो भेट म्हणूनच आला होता. हे जनावर कायम कुणाच्या ना कुणाच्या नजराण्यात!

पट्टे काळ्यावर पांढरे की पांढऱ्यावर काळे, हा लहान मुलांचा आवडता प्रश्न. झेब्र्याचे केस भादरले तर खाली सगळी कातडी काळी निघते. पांढरा पट्टा म्हणजे जिथे केसांत रंग उतरलाच नाही ती जागा. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी प्रत्येकाची नक्षी वेगळी असते. साध्या झेब्र्याचं कुटुंब म्हणजे एक नर, चारसहा माद्या आणि त्यांची पिल्लं. पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात लटपटत उभं राहतं, आणि पहिले काही दिवस आई इतर कुणाला त्याच्या जवळ फिरकू देत नाही. आईचा वास, आवाज आणि पट्टे एकदा त्याच्या मनात पक्के बसले की मगच त्याला कळपात सोडायचं.

पण हे पट्टे हवेतच कशाला? यावर डार्विन आणि वॉलेस यांचंही एकमत नव्हतं. वॉलेस म्हणे, संधिप्रकाशात लपायला. डार्विन म्हणे, उघड्या माळावर कसलं लपणं? सिंहाचा डोळा तपासला तेव्हा दिवसाउजेडी पन्नासेक मीटरच्या पलीकडून त्याला पट्टे वेगळे दिसतच नाहीत, असं निघालं. मग टिम कॅरो या शास्त्रज्ञाने माशीवर संशय घेतला. आफ्रिकेतल्या त्सेत्से माश्या आणि गोमाश्या जनावरांत जीवघेणे रोग पसरवतात, आणि झेब्र्याचे केस इतके आखूड की माशीची सोंड सहज कातडीपर्यंत पोचते. 2019 मध्ये इंग्लंडातल्या एका तबेल्यात साध्या घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांच्या झुली घातल्या. माश्या जवळ येत, पण वेग कमी करून नीट उतरणं त्यांना जमेना. त्या अंगावर आपटत किंवा तशाच पुढे निघून जात. घोड्याचं डोकं उघडं होतं, तिथे मात्र नेहमीसारख्या खुशाल बसत. हा तपशील मला फार आवडतो.

त्याच वर्षी जपानी संशोधकांनी काळ्या गायींवर पांढरे पट्टे चक्क रंगवले. माशीचे चावे निम्म्यावर आले. 2025 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. पोळ्याला बैलाच्या अंगावर रंगाचे ठसे उमटवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात हसण्यासारखं फारसं वाटायचं नाही.

घोडा, गाढव माणसाच्या दावणीला आले, झेब्रा आला नाही. लंडनच्या वॉल्टर रॉथशिल्डने त्याला बग्गीला जुंपून थेट राजवाड्यापर्यंत नेलं, पण ती श्रीमंताची हौस. भेदरट, लाथाळ आणि कडकडून चावणारं हे जनावर पाठीवर ओझं घ्यायला राजी नाही. तरीही माणसापासून तो वाचला असं नाही. क्वाग्गा नावाच्या प्रकाराचे पट्टे मानेपासून अर्ध्या अंगापर्यंत येऊन तपकिरी रंगात विरत. कातड्यासाठी आणि गुरांचं गवत राखायला वसाहतवाल्यांनी त्याची बेसुमार शिकार केली. शेवटची मादी 12 ऑगस्ट 1883 रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ती शेवटची होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आणि आता शेवटचं. 2009 साली गाझा शहरातल्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयातले दोन झेब्रे युद्धाच्या दिवसांत उपासमारीने मेले. नवे आणायचे तर सगळ्या वाटा बंद, आणि बोगद्यांतून चोरून आणण्याचा खर्च आवाक्याबाहेरचा. तेव्हा तिथल्या लोकांनी दोन पांढरी गाढवं घेतली, अंगावर चिकटपट्टी लावून रेघा आखल्या आणि बायकांच्या केसांना लावायच्या कलपाने त्यांना पट्टे काढले. साधा रंग आधी लावून पाहिला होता, तो काही जमला नव्हता. मुलं आली, झेब्रा झेब्रा म्हणून ओरडली. जहांगीराच्या दरबारासारखी चौकशी तिथे कुणी केली नाही.